बायपासनंतरचा तिसरा दिवस

आपल्या घरांत कोणाचे बायपास ठरले की ऑपरेशनचा दिवस हाच सर्वांत मोठा दिवस मानला जातो. त्या दिवशी नफिल नमाज पढल्या जातात, सदका काढला जातो, पाहुणे इस्पितळाच्या जिन्यावर बसून राहतात. डॉक्टरांनी बाहेर येऊन ‘ऑपरेशन व्यवस्थित झाले’ असे सांगितले की अल्हम्दुलिल्लाह म्हणत निम्मी माणसे गावाकडच्या एस.टी.ला लागतात. आमच्या अब्बांच्या वेळीही असेच झाले. आम्ही तिघे भावंडे आणि अम्मी एवढेच मागे राहिलो. जे घडायचे होते ते तिसऱ्या दिवशी घडले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे शिकलो ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने हे लिहीत आहोत.

आमचे गाव भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या सीमेवर आहे. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण बोलण्यात वेल्हेच येते. भाताची शेती, पावसाळ्यात चार महिने ओल, आणि मोठ्या दुखण्याला पुणे. नसरापूर गाठायचे, हमरस्त्याला लागायचे, खेड शिवापूर मागे टाकून कात्रज. रस्ता चांगला मिळाला तरी दीड-दोन तास जातात. हे अंतर पुढच्या हकिकतीत महत्त्वाचे आहे.

अब्बांचे वय अडुसष्ट. रक्तदाब जुना, साखर दहा वर्षांची. गेल्या वर्षी भाताची कापणी संपता संपता त्यांना चढावर दम लागू लागला. तपासणीत तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कागद बसले, त्यामुळे ऑपरेशनच्या खर्चाचा डोंगर उभा राहिला नाही. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली होती. आता तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरची नावे जुळत आहेत ना, हे प्रत्येक घराने आजारपण येण्याआधीच पाहून ठेवावे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बा म्हणाले, “छातीत पाखरू फडफडतंय.” पडद्यावरचा आकडा ऐंशीवरून एकशे चाळीसवर गेला होता आणि एका जागी ठरत नव्हता. सिस्टर धावत आल्या. अम्मीने तस्बीह हातात घेतली. आम्हाला वाटले, जोडलेली नस बंद पडली. डॉक्टरसाहेबांनी ईसीजी पाहिला आणि आम्हाला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले, “घाबरू नका. याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. बायपासनंतर पुष्कळांना होते. पण दुर्लक्ष करण्यासारखे नाही.”

त्यांनी कागदावर हृदय काढून जे समजावले ते असे. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन आकुंचन पावून खालच्या दोघांत रक्त ढकलतात, खालचे दोन ते फुप्फुसांत आणि शरीरभर पाठवतात. या आजारात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी जलद होते आणि तिचा ताल बिघडतो. डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक लहान पिशवी जोडलेली असते. कप्पा थरथरत राहिला की या पिशवीत रक्त साचते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून मेंदूच्या नसेत अडकली की पक्षाघात. म्हणजे छातीतली फडफड थांबवणे हे एक काम, आणि गुठळी होऊ न देणे हे दुसरे. दुसऱ्या कामाकडे घरच्यांचे लक्ष कमी जाते, कारण गुठळी होताना काहीच दुखत नाही.

बायपास झालेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला किंवा तिघांत एकाला हा त्रास होतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान येतो. वय जास्त, रक्तदाब जुना, दमा किंवा धुरामुळे फुप्फुसे खराब, वजन जास्त, झोपेत श्वास अडकण्याची सवय, यांपैकी जितक्या गोष्टी तितका धोका अधिक. ऑपरेशनमुळे हृदयाभोवती सूज येते, थोडे रक्त-पाणी साचते, शरीरात ताणाचे रस वाढतात, पोटॅशियम-मॅग्नेशियमसारखे क्षार कमी होतात. या सगळ्यांतून ताल बिघडतो. ऑपरेशन चुकले असा त्याचा अर्थ नसतो, हे ऐकून अम्मीच्या जिवात जीव आला.

अब्बांना शिरेतून औषध दिले, क्षार तपासले, प्राणवायू लावला. दीड दिवसाने नाडी तालावर आली, मग रात्री पुन्हा बिघडली, पुन्हा आली. यात दोन पद्धती आहेत असे कळले. एकीत फक्त वेग आवरतात, दुसरीत अमिओडॅरोनसारख्या औषधाने तालच परत आणतात. २०१६ साली अमेरिकेत या दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. इस्पितळातले दिवस दोन्हींत सारखेच निघाले आणि साठ दिवसांनी दोन्हीकडच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांचा ताल जागेवर होता. म्हणून डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. शेजारच्या खाटेवर वेगळे औषध चालू आहे म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

हा त्रास आधीच टाळता येतो का, हा प्रश्न आमच्या मनात होता. पूर्णपणे टाळता येत नाही, पण कमी करता येतो. पहिली गोष्ट, मेटोप्रोलॉलसारखी नाडी आवरणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती डॉक्टरांना न विचारता ऑपरेशनच्या धावपळीत तुटू द्यायची नाही आणि ऑपरेशननंतर कधी सुरू करणार हे विचारायचे. ती अचानक बंद झाली की ताल बिघडण्याची शक्यता वाढते. ज्यांना धोका फार आहे त्यांना आधीपासून अमिओडॅरोन देतात, पण थायरॉईड आणि फुप्फुसांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून सरसकट देत नाहीत. पोटॅशियमच्या बाबतीत २०२४ साली ब्रिटन आणि जर्मनीतल्या १६९० बायपास रुग्णांचा अभ्यास आला. पातळी सतत वरच्या बाजूला ठेवण्यासाठी क्षार ओतत राहण्याची गरज नाही, ती ३.६ च्या खाली गेली तेव्हाच दिले तरी ताल बिघडण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यात दिसले.

सर्जनच्या हातातही काही गोष्टी असतात. न्यूयॉर्कमध्ये ४२० रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २०२१ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. हृदयाभोवतीच्या आवरणाला मागच्या बाजूने एक छोटी चीर द्यायची, म्हणजे साचलेले रक्त-पाणी छातीच्या पोकळीत निघून जाते. ज्यांना चीर दिली त्यांच्यापैकी १७ टक्क्यांना हा त्रास झाला, ज्यांना दिली नाही त्यांच्यापैकी ३२ टक्क्यांना. त्याच वर्षी कॅनडातून चालवलेला ४८११ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. ज्यांना हृदयाच्या ऑपरेशनआधीपासूनच हा आजार होता, त्यांच्या डाव्या कप्प्याची ती अंगठ्याएवढी पिशवी ऑपरेशनमध्येच बंद केली. पुढच्या जवळपास चार वर्षांत पक्षाघात किंवा गुठळीचा त्रास ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला. यातले काय आपल्या रुग्णाला लागू आहे हे सर्जनच सांगतील, पण विचारण्यात संकोच नको. मानेच्या नसांची सोनोग्राफी करायची का, हेही विचारावे. विशेषतः वय जास्त असेल, तंबाखूची सवय असेल किंवा पूर्वी पक्षाघात येऊन गेला असेल तर.

बायपासची भीती मात्र बाळगू नये. आपल्या देशात १९७५ साली चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे इस्पितळात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिले बायपास केले, त्याला पन्नास वर्षे झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे दुसरे बायपास जानेवारी २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीत केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. ऑपरेशनच्या सुमारास पक्षाघात होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन असते. ते कमीच आहे, पण ज्या घरात तो येतो त्या घराला टक्केवारीचा आधार वाटत नाही.

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. वेल्ह्याकडच्या आमच्या मोठ्या मामूंचे बायपास पाच वर्षांपूर्वी झाले. त्यांच्या नाडीचा ताल पुढेही मधूनमधून बिघडत राहिला, म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी कायम होती. दोन वर्षे काहीच झाले नाही. मग मामू म्हणू लागले, “मी ठणठणीत आहे, रोजची गोळी कशाला?” पैसेही लागत होते. गोळी बंद झाली. चार महिन्यांनी फजरच्या वजूला बसले असताना त्यांच्या उजव्या हातातून तांब्या सुटला. तोंड वाकडे झाले, बोलता येईना. घरातल्यांनी तेल चोळले, मधाचे पाणी पाजायचा प्रयत्न केला, दम करून आणले, थोडी झोप लागली की बरे वाटेल म्हणून वाट पाहिली. पुण्याला पोहोचेपर्यंत दुपार टळली होती. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ साडेचार तासांची असते. ती निघून गेली होती. मामू आज काठी घेऊन चालतात, पण बोलणे परत आले नाही. गावच्या पोरांना ज्यांनी पंचवीस वर्षे कुराण पढवले, त्यांना आज सलामचे उत्तर मान हलवून द्यावे लागते.

म्हणून अब्बांना घरी आणताना आमच्यापुढे मोठा प्रश्न होता तो गोळ्यांचा. अ‍ॅस्पिरिन होतीच, शिवाय रक्त पातळ करणारी अ‍ॅपिक्साबॅन ही गोळी सकाळ-संध्याकाळ. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ही जोडी आपल्या मनाने सुरूही करायची नसते आणि बंदही करायची नसते. अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनात बायपासनंतर नव्याने आलेल्या फिब्रिलेशनला, रक्तस्रावाची भीती नसेल तर, साधारण साठ दिवस ही गोळी देऊन मग फेरविचार करावा असे म्हटले आहे. अब्बांच्या डॉक्टरसाहेबांनीही तेच ठरवले. वय, रक्तदाब, साखर, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाची ताकद, नसांचा आजार यांचे गुण मोजून पुढचा निर्णय घेतात.

साठ दिवस आम्ही एक वही ठेवली. रोज सकाळी अब्बा पाच मिनिटे शांत बसायचे आणि आमच्यापैकी एक जण मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायचा. जुने हकीम नब्ज पाहायचे, तसेच. आकडा लिहायचा आणि ताल सरळ की वाकडा हेही लिहायचे. पूर्ण मिनिट यासाठी, की पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर बिघडलेला ताल निसटतो. वहीत दोन ठिकाणी ‘वाकडा’ असे लिहिलेले आहे. ती वही पाहूनच डॉक्टरसाहेबांनी चोवीस तासांची हॉल्टर तपासणी करायला लावली आणि तीत अधूनमधून फिब्रिलेशन दिसले. अब्बांना काहीच जाणवले नव्हते. गोळी पुढे चालू राहिली. खर्च घरावर आला. आम्ही भावंडांनी तो वाटून घेतला. हा खर्च जड जात असेल तर डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारावा, पण गोळी परस्पर तोडू नये.

सगळ्यांना हीच गोळी चालते असेही नाही. ज्यांना कृत्रिम धातूची झडप बसवली आहे, किंवा सांधेज्वरामुळे झडप फार अरुंद झाली आहे, त्यांना वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल घ्यावे लागते. त्यासाठी वेळोवेळी आयएनआर ही रक्ततपासणी करतात. ती बहुतेकांची दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात, काही झडपांसाठी जास्त. या गोळीवर मेथी, पालक, चाकवत अशा पालेभाज्यांचा परिणाम होतो. भाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण रोज सारखे ठेवायचे.

आता आपल्या घरांतल्या खास गोष्टी. अब्बांना भेटायला आलेल्या प्रत्येकाने हिजामा सुचवला. हिजामाबद्दल आमच्या मनात आदर आहे, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कातडीला छेद देणे म्हणजे रक्त न थांबण्याचा धोका. अब्बांनी स्वतःच पाहुण्यांना सांगितले, “डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.” कलौंजी, लसूण, आले स्वयंपाकात असतात तेवढे ठीक; औषध म्हणून चमचे भरून घेण्याआधी विचारावे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या आणि बाजारच्या दिवशी टोचून घेतली जाणारी इंजेक्शने टाळावीत; पोटातून किंवा स्नायूत रक्तस्राव होतो. काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार, यांपैकी काहीही झाले तर थेट इस्पितळ. आणि घरातल्या बायकांची मिश्री व पुरुषांचा तंबाखू, दोन्ही बंद. नसांना दोन्हींमुळे सारखीच इजा होते.

अम्मीने एक प्रश्न विचारला, तो अनेकांच्या मनात असेल. हेपरिन हे बायपासच्या वेळी दिले जाणारे औषध डुकराच्या आतड्यांपासून तयार होते, हे तिला कोणीतरी सांगितले होते. ते खरे आहे. आम्ही आमच्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारले. जीव वाचवण्याची गरज असताना आणि दुसरा पर्याय नसताना अशा औषधाला मुभा आहे, असे त्यांनी समजावले. नंतरच्या अ‍ॅपिक्साबॅन, वॉर्फरिनसारख्या गोळ्यांचे मूळ द्रव्य रासायनिक रीतीने बनते. ज्यांना शंका असेल त्यांनी ती ऑपरेशनआधीच आलिमांना आणि डॉक्टरांना विचारून मिटवावी. शंकेपोटी इंजेक्शन नाकारू नये.

नमाज अब्बांनी खुर्चीवर सुरू केली. छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर सजद्यातून उठताना हातांवर भार देणे, पाण्याची घागर उचलणे, दुचाकी चालवणे, सगळे बंद. रमजान आला तेव्हा अब्बांचा रोजा धरण्याचा आग्रह होता. गोळी सेहरी आणि इफ्तारला घेतली तर चालेल, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरसाहेबांनी सांगितले, “चाचा, गोळ्यांच्या वेळा जुळतीलही, पण लघवीच्या गोळीमुळे अंगातले पाणी आणि क्षार कमी होतील, आणि त्यातूनच ताल बिघडतो. यंदा नको.” आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे, असे इमामसाहेबही म्हणाले. अब्बा त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरातल्या इफ्तारची फळे तेच कापू लागले.

डोंगराकडच्या घरांसाठी एक गोष्ट पाठ करून ठेवण्यासारखी आहे. तोंड एका बाजूला ओढले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, एकाएकी दिसेनासे झाले किंवा तोल गेला, की घड्याळ पाहायचे. रुग्ण शेवटचा चांगला केव्हा होता ती वेळ लिहायची. १०८ ला फोन करायचा. तोंडात पाणी, मध, गोळी काही घालायचे नाही; घास अडकू शकतो. अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. चोळत बसायचे नाही. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्यायची आणि शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगायचे, कारण इंजेक्शनचा निर्णय त्यावर ठरतो. पुण्यात चोवीस तास सीटी स्कॅन आणि पक्षाघाताचे उपचार कोणत्या इस्पितळात मिळतात, भोरच्या किंवा वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी केव्हा निघतो, हे आजच विचारून फोन नंबर भिंतीवर लावावेत. साडेचार तासांतले दोन तास रस्ताच खातो. उरलेला वेळ घरात घालवणे आपल्याला परवडत नाही.

अब्बा सध्या बरे आहेत. बांधावर सकाळ-संध्याकाळ चालतात, मीठ कमी खातात, आणि गोळी विसरली तर अम्मीच्या आधी नातवंडे आठवण देतात. मामूंकडे ते आठवड्यातून एकदा जातात. मामूंची नवी गोळी सुरू आहे आणि त्यांच्या घरीही आता वही आहे. मामूंची नाडी अब्बा मोजतात, अब्बांची मामूंचा मुलगा. आपल्या घरात कोणाचे बायपास झाले असेल तर एवढेच करावे: नाडी पाहायला शिकावे, गोळी तोडू नये, आणि इस्पितळातून निघताना पुढची तपासणी कोणत्या तारखेला व कोणाकडे, हे लिहून घ्यावे. शिफा देणारा अल्लाह आहे. तो सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.